पांढऱ्या मातीची टेकाडे

दक्षिण इंग्लंडमधल्या ज्या लहानशा गावात आम्ही ऐंशीच्या दशकात राहत होतो, त्याच्या पाठीशी डोंगर नव्हते. जमीनच झोपेत कूस बदलल्यासारखी वर उचलली गेली होती आणि तशीच राहिली होती. वरून ती हिरवी दिसे, मेंढ्यांनी कुरतडून कुरतडून मखमलीसारखी केलेली. शरदात शेतकऱ्याने कडेला नांगर घातला, की हिरव्या शालीचा काठ उसवावा तशी आतली पांढरी माती उघडी पडे. ती माती म्हणजे खडू. शाळेत फळ्यावर ज्याने बाराखडी गिरवली तोच खडू, पण मैलोनमैल पसरलेला आणि माणसाच्या कल्पनेहून खोल. कितीही पाऊस कोसळला तरी तिथे डबके साचत नसे. पडेल ते पाणी ती जमीन निमूट पिऊन टाकी, आणि तासाभरात पायवाट पुन्हा कोरडी होई.

त्या उंचवट्याच्या कण्यावर ओळीने टेकाडे होती. पालथ्या वाटीसारखी, गोल, गवताने झाकलेली. हजारो वर्षांपूर्वी तिथे राहणाऱ्या लोकांनी आपल्या गेलेल्या माणसांना जमिनीत ठेवून वर ती रचली होती. गावातले लोक त्यांना बॅरो म्हणत आणि रविवारी त्यांच्यावर बसून सँडविच खात. मृतांच्या अंगावर बसून काही खाणे मला प्रथम फार विचित्र वाटले होते. पुढे मीही तिथे थर्मासमधला चहा प्यायले.

मी पहिल्यांदा तिथे गेले ती लग्न होऊन इंग्लंडला आले त्या उन्हाळ्यात. ह्यांना जिल्ह्याच्या हॉस्पिटलात नोकरी होती आणि आम्हाला हॉस्पिटलच्या आवारातले घर मिळाले होते. वारा इतका होता की साडीचा पदर सांभाळण्यातच माझे सारे लक्ष गेले होते. मोठ्या टेकाडावर चढताना पायाखाली काहीतरी चिरडले गेले आणि एकदम ओव्याचा वास आला. मी थबकले, वाकले. बारीक पानांची, जांभळ्या इवल्या फुलांची एक वेल गवतात पसरली होती.

"अहो, इथे ओवा उगवतो!"

"ओवा नव्हे तो. थाइम. रानटी थाइम आहे."

"वास घेऊन बघा ना."

ह्यांनी वास घेतला, आणि नेहमीप्रमाणे, जे पटले ते मान्य न करता नुसते हसले. मग गवतातून एक गारगोटी उचलून खिशात टाकली. खडूत अशा गारगोट्या सर्वत्र सापडत. काळ्या, वरून पांढऱ्या सायीचा थर चढलेल्या. ह्यांना त्या उचलायची सवय होती. कोटाचे खिसे त्या दगडांनी फाटत आणि मी ते रफू करीत असे.

दोन वर्षांनी, थंडी सरता सरता, माझे पहिले बाळंतपण आले. माहेरी जाणे शक्य नव्हते. ह्यांच्याच हॉस्पिटलात भूल देणारे एक सातारचे डॉक्टर होते. त्यांच्या पत्नी माझ्याहून बऱ्याच मोठ्या. मी त्यांना वहिनी म्हणत असे. त्या माझ्या आईच्या जागी उभ्या राहिल्या. लंडनजवळ हॅरोला कुठल्याशा भारतीय दुकानात जाऊन त्यांनी डिंक, खारीक, बाळंतशेपा आणि ओव्याची भली मोठी पिशवी आणली.

"इथल्या नर्सेसना काय कळतंय? ओवा हीटरवर तापवायचा आणि धुरी द्यायची म्हटलं तर फायर ब्रिगेड बोलावतील! तू घरी आलीस की मी बघते," त्या म्हणाल्या.

मुलगा झाला. काळेभोर जावळ घेऊन आला होता. त्याच्या हृदयात काही दोष होता. त्या काळी तो आधी समजायचा नाही, आणि समजला तरी लहान गावात फार काही करता यायचे नाही. दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ त्याने पाहिली नाही. माझ्याजवळ त्याची म्हणून एकच गोष्ट आहे. त्याने एकदा जांभई दिली होती, अगदी ऐसपैस, एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखी, आणि मी ती पाहिली होती.

मला वॉर्डातच ठेवून घेतले. दूध आटवण्याच्या गोळ्या दिल्या. दुधाला ते समजायला वेळ लागला. मी बाथरूममध्ये जाऊन पांढऱ्या बेसिनमध्ये ते पिळून टाकी आणि नळ सोडून देई. त्या काळात बाळाचे पुढे काय करायचे ते बाहेरच्या लोकांनी ठरवायचे, आईला त्रास द्यायचा नाही, अशीच रीत होती. इथल्या डॉक्टरांची आणि आमच्या घरच्या थोरांचीही. दोन्ही रीती किती सहज एकमेकींत बसल्या.

घरी आले तेव्हा स्वयंपाकघर लखलखीत आवरलेले होते. वहिनींनी भात लावून ठेवला होता. मी वरणाला फोडणी द्यायला उभी राहिले. म्हटले, हात हलते राहावेत. मिठाची बरणी उचलली तर ती रिकामी. आदल्याच आठवड्यात मी ती काठोकाठ भरली होती. बरणीचा तळही पुसून घेतलेला होता. कडेला एक कणसुद्धा राहिला नव्हता.

तेव्हा मला कळले. दात न आलेल्या लेकराला आपल्याकडे अग्नी देत नाहीत. त्याला मातीत ठेवतात आणि भोवती मीठ घालतात. म्हणजे ह्यांनी त्याला इथल्याच मातीत ठेवले होते, आणि त्यासाठी माझ्या स्वयंपाकघरातले मीठ नेले होते.

मी बरणी हातात धरून वळले. हे दाराशी उभे होते.

"कुठे?" मी विचारले.

"जेवून घे."

"अहो, कुठे ठेवलंत त्याला?"

"तिकडे बघायचं नसतं," हे म्हणाले आणि निघून गेले. त्या दिवशी आम्ही अळणी वरणभात जेवलो. मीठ उसने आणू नये म्हणतात म्हणून शेजारी मागितले नाही, आणि दुकानात जाण्याचे त्राण दोघांनाही नव्हते.

बाळाला ठेवायला वहिनींचे यजमान ह्यांच्याबरोबर गेले होते. मी वहिनींना विचारले. त्यांनी माझ्या डोक्यावर तेल थापता थापता म्हटले, "मीही विचारलं नाही गं ह्यांना. बायकांनी विचारायचं नसतं. खूणही ठेवायची नसते, मागंही वळायचं नसतं. तू अशी मागं बघत बसलीस तर त्याला पुढं जाता येईल का? वर्षाच्या आत परत येईल बघ तुझ्याच पोटी." ओव्याची ती पिशवी मात्र त्यांनी माझ्या नकळत उचलून नेली होती. त्या दिवसांत धुरीचा वास माझ्या घरात आला नाही.

मी कौन्सिलच्या ऑफिसात जाऊन विचारू शकले असते. काउंटरवरच्या बाईने मोठ्या सौजन्याने एखादा नकाशा पुढे सरकवला असता. गावात जुनी आणि नवी मिळून दफनभूमी काही फार नव्हत्या. एक चर्चच्या मागे, एक रेल्वेच्या पलीकडे आणि एक टेकाडांसमोरच्या उतारावर. पण मला ते काउंटरवरून नको होते. ज्याच्या हातांनी त्याला ठेवले त्या माणसाच्या तोंडून मला ते हवे होते. त्याहून कमी काही घ्यायला माझे मन तयार नव्हते, आणि हे बोलत नव्हते.

वहिनी म्हणाल्या तसे वर्षात काही झाले नाही. पुढे बऱ्याच उशिराने मुलगी झाली. गुटगुटीत, खणखणीत आवाजाची. ती चालू लागली तसे आमचे रविवारी टेकाडांवर जाणे ठरून गेले.

त्या रविवारांचे चित्र माझ्या मनात असे आहे. मोठ्या टेकाडाच्या माथ्यावर चटई. मी गावाकडे तोंड करून बसलेली. खाली हॉस्पिटलची चिमणी, आगगाडीची रेघ, समोरच्या उतारावरची दफनभूमी, तिची दगडी भिंत आणि काळपट झाडे. डोक्यावर चंडोल, दिसत नसलेला, नुसता आवाजाचा धागा सोडत वर वर जाणारा. हे नेहमी माझ्या पाठीला पाठ लावून बसत. त्यांच्यासमोर रिकाम्या शेतांखेरीज काही नसे.

"इकडे बसा ना, छान दिसतंय गाव."

"वारा लागतो तोंडावर."

वारा दर रविवारी एकाच बाजूने कसा येईल, हे मी विचारले नाही. मला वाटे, ह्यांना ते गावच पाहायचे नाही. जे झाले ते पुसून टाकले, बरणीचा तळ पुसला तसे. पाठीला पाठ टेकलेली असताना माणूस किती दूर असू शकतो, याचा हिशेब मी तिथे बसून करी. मग उठताना हे वाकून एखादी गारगोटी खिशात टाकत. मी घरी येऊन खिसा रफू करी आणि मनात चिडे, की ह्या माणसाला दगड गोळा करायला सुचते.

मुलीला टेकाडे फार आवडत. ती त्यांच्यावरून घरंगळत खाली येई, केसांत गवत घेऊन. तिचे मराठी तेव्हापासूनच तिच्या मर्जीने चाले.

"आई, हा टेकडी कोणी बनवला?"

"फार जुन्या लोकांनी."

"आत कोण आहे?"

"त्यांची माणसं."

"त्यांना टिकल होत नाही, मी रोल करते तेव्हा?"

"होत असतील गुदगुल्या," हे पाठमोरेच म्हणाले. "म्हणून तर गवत हलतं." तिला ते लगेच पटले. मग ती आणखी जोरात घरंगळू लागली.

ऐंशीचे दशक संपता संपता, ओळीतले शेवटचे टेकाड उघडायचे ठरले. नांगराने ते दरवर्षी थोडे थोडे खरवडले जात होते, म्हणून पूर्ण नाहीसे होण्याआधी विद्यापीठातले लोक ते खणून पाहणार होते. उन्हाळाभर तिथे तंबू लागले. एका रविवारी कोणीही येऊन पाहावे अशी पाटी गावात लागली. मुलीने हट्ट धरला. हे यायला तयार नव्हते. "कामं आहेत," म्हणाले, पण तिने हात धरून ओढले तेव्हा आले.

अर्धे टेकाड कापून काढलेले होते. हिरव्या कातडीखाली ते इतके पांढरे होते की उन्हात डोळे मिटावे लागले. खड्ड्यात एक बाई स्पंजच्या तुकड्यावर गुडघे टेकून, बारीक ब्रशने माती झाडीत होती. तिचे नाक उन्हाने सोलले होते. आम्ही काठाशी आलो तशी ती मागे सरकली आणि आम्हाला दिसू दिले. मध्यभागी मोठ्या माणसाची जागा सापडली होती, असे तिने सांगितले. पण हे इथे, कडेला, नंतर कधीतरी कोणीतरी पुन्हा येऊन, खडू खणून ठेवले होते.

ते बाळ होते. माझ्या वितीहून थोडे मोठे, कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेले. हाडे चहाच्या रंगाची. बोटे तर तांदळाच्या दाण्यांसारखी.

"ते बेबी आहे?" मुलीने हळूच विचारले. मी तिला जवळ घेतले.

हे काठाशी उकिडवे बसले. कितीतरी वेळ पाहत राहिले. मग त्या बाईला डॉक्टरांच्या आवाजात म्हणाले, "दिवस पूर्ण भरलेले आहेत. जन्मानंतर फार दिवस नाही."

"आम्हालाही तसंच वाटतं," ती म्हणाली. "नशीब, की इथे खडू आहे. आंबट मातीत इतकी कोवळी हाडं विरून जातात. खडू त्यांना सांभाळतो."

मुलीला वेगळाच प्रश्न पडला होता. इतक्या उंच का ठेवले? बाळाला थंडी नाही का वाजत?

ती बाई हसली नाही. ब्रश मांडीवर ठेवून तिने तिला नीट उत्तर दिले. "नक्की कोणालाच माहीत नाही. पण त्यांची घरं खाली होती, नदीच्या बाजूला. आणि हे टेकाड तेव्हा ताजं होतं, त्यावर गवत नव्हतं. पांढरंशुभ्र असणार. म्हणजे बाळाची आई काम करता करता मान वर करेल तेव्हा तिला दिसत असणार. मला तरी वाटतं, दिसावं म्हणूनच ठेवलं."

मी ह्यांच्याकडे पाहिले. हे उभे राहत होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकला. मग तोंड फिरवून भराभर गाडीकडे चालू लागले. त्या दिवशी त्यांनी एकही दगड उचलला नाही. घरी जाताना मुलगी एकटीच बोलत होती.

त्या रात्री, किंवा त्यानंतरच्या कुठल्याही दिवशी, हे बोलतील अशी मी वाट पाहिली. बोलले नाहीत. नव्वद साल उलटल्यावर ह्यांना लेस्टरला चांगली नोकरी मिळाली. तिथे आपली माणसे होती, भाजी मिळे, मुलीला शनिवारी मराठी शिकवायची सोय होती. सगळ्यांनी अभिनंदन केले. मी खोकी बांधायला घेतली, आणि प्रत्येक खोक्याबरोबर मला कळत होते, की आता विचारायची जागाच संपणार. लेस्टरहून मान वर केली तर काय दिसणार होते?

निघायचा दिवस आला. सामानाचा ट्रक पुढे गेला. घरात काही राहिले नव्हते. दारातल्या पायरीवर दूधवाल्याने ठेवलेली शेवटची बाटली तेवढी होती. नव्या घरी पोचताच चहा करता यावा म्हणून मी ती बरोबर घेतली. मागच्या सीटवर मुलगी मांडीवर जॅमची बरणी धरून बसली होती. बरणीत तिचा सोनेरी मासा होता.

"बाबा, फिशला गाडी लागते का?"

"तू हलवलीस तर लागेल."

हे मोटरवेकडे वळले नाहीत. रेल्वेचा पूल ओलांडून समोरच्या उताराला लागले आणि दगडी भिंतीपाशी गाडी थांबवली. इंजिन बंद केले. थोडा वेळ नुसता माशाच्या पाण्याचा आवाज येत राहिला.

"चल," हे मला म्हणाले. मुलीला म्हणाले, "पाच मिनिटं बस हं बाळा. आम्ही इथेच आहोत, दिसतो तुला."

मी मागोमाग चालू लागले. हे कुठेही थांबले नाहीत, कुठे वळायचे म्हणून पाहिलेही नाही. फाटक, पाण्याचा नळ, थडग्यांचे जुने कलंडलेले दगड, मग काटेरी पानांच्या हॉलीचे कुंपण आणि कुंपणालगत गवताची एक मोकळी पट्टी. तिथे दगड नव्हते, नावे नव्हती. लहान मुलांची जागा होती ती. पट्टीच्या टोकाला, जिथे गवत कापणाऱ्याने यंत्र वळसा घालून नेले होते, तिथे गारगोट्यांचा एक ढीग होता. गोल, नीट रचलेला, पालथ्या वाटीसारखा, माझ्या गुडघ्याएवढा उंच. खालच्या दगडांवर शेवाळ चढले होते. वरचे नवे होते.

मला कोणी काही सांगायची गरज पडली नाही. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक दगडासाठी मी एक टाका घातला होता.

"माझ्या आईचा फोन आला होता तेव्हा," हे म्हणाले. आवाज अगदी साधा होता, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना असतो तसा. "म्हणाली, तिला दाखवू नकोस. दाखवलंस तर तिचा पाय तिथून निघणार नाही. तरुण आहे, पुढचं आयुष्य आहे." मग वरचा एक दगड नीट बसवत, "माझाच निघत नव्हता."

"कधी येत होतात?"

"नाइट ड्युटी संपली की. सकाळी. कोणी नसायचं."

"आणि टेकाडावर पाठ करून बसायचात."

"तू इकडेच बघत बसायचीस. रोखून. मला वाटायचं, हिला कळलं. मग वाटायचं, नाही कळलं. इकडे तोंड केलं असतं तर मी सांगून टाकलं असतं."

मी गवतावर बसले. हेही बसले, ह्या वेळी माझ्या शेजारी. समोर, दरीच्या पलीकडे, आकाशाच्या कडेवर टेकाडांची ओळ होती. जे मोठे होते त्याच्यावर आम्ही इतकी वर्षे बसलो होतो. शेवटचे, उघडलेले, विद्यापीठवाल्यांनी पुन्हा बुजवले होते, पण गवत अजून धरले नव्हते. ते उन्हात पांढरे चमकत होते, आणि इथून अगदी स्वच्छ दिसत होते.

"मीठ मावलं का सगळं?" मी विचारले.

"मावलं. खणणारा माणूस बघत होता. काही विचारलं नाही त्याने. टोपी काढून उभा राहिला."

मला आठवले, की मातीत ठेवलेल्या लेकराला तिसऱ्या दिवशी दूध घालतात. ते ह्यांनी केले होते का, हे विचारले नाही. त्या तिसऱ्या दिवशी दूध कुठे होते, ते मला माहीत होते. मी उठून गाडीशी गेले. मुलीने मान वर न करता सांगितले, "मासा ठीक आहे." मी पायांपाशी ठेवलेली बाटली घेतली.

"चहाला?" हे म्हणाले.

"वाटेत घेऊ."

मी चांदीसारखे झाकण काढले आणि दगडांच्या ढिगाशी, सावकाश, सगळी बाटली रिकामी केली. गारगोट्यांवरून दूध ओघळत गेले, गवताच्या मुळाशी क्षणभर पांढरे तळे झाले. ते साचून राहील म्हणून मी वाट पाहिली. पण खालची जमीन खडूची होती. तिने ते सगळे पिऊन टाकले, आणि आम्ही फाटकापर्यंत पोचेतो, वळून पाहिले तेव्हा, जागा कोरडी झालेली होती.